उजवा गुडघा: अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाच्या नोंदी

२८ डिसेंबर, शस्त्रक्रियेच्या ७ दिवस आधी

शस्त्रक्रिया आठवड्यावर आली आहे. वही आजच सुरू करते आहे, कारण पुढचे वर्षभर ज्या आकड्यांशी उजव्या पायाची तुलना करायची आहे, ते आकडे आज घेतले नाहीत तर नंतर मिळणार नाहीत. दहा आठवड्यांपूर्वी बास्केटबॉलच्या सरावात उडी मारून खाली येताना उजवा गुडघा आत वळला, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि दोन तासांत गुडघा टम्म सुजला. कोणाचा धक्का लागला नव्हता. एमआरआयमध्ये पुढचा क्रूसिएट अस्थिबंध, ज्याला सगळे एसीएल म्हणतात, तो पूर्ण तुटल्याचे दिसले. दोन्ही मेनिस्कस, म्हणजे सांध्यातल्या गादीसारख्या कूर्चा, मात्र शाबूत आहेत. मेनिस्कसला टाके घालावे लागले असते, तर पायावर भार देणे आणि गुडघा वाकवणे या दोन्हींवर वेगळी बंधने आली असती आणि पुढचे सगळे वेळापत्रक बदलले असते.

फिजिओथेरपिस्ट मॅडमनी आज डायनॅमोमीटरवर दोन्ही मांड्यांच्या पुढच्या स्नायूंची, म्हणजे क्वाड्रिसेप्सची, ताकद मोजली. डावा पाय ५२ किलो, उजवा ४३ किलो. म्हणजे उजवा डाव्याच्या ८३ टक्के. गुडघा पूर्ण सरळ होतो, सूज नाही, चाल सरळ आहे. दुखापतीनंतर लगेच शस्त्रक्रिया न करता हे दहा आठवडे व्यायामात घालवण्याचा हेतू हाच होता. शस्त्रक्रियेच्या आधी ज्यांची ही ताकद २० टक्क्यांहून अधिक उणी असते, त्यांच्यात ती उणीव दोन वर्षांनंतरही शिल्लक राहिलेली आढळली आहे. ५२ हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवला आहे.

६ जानेवारी, दिवस २

शस्त्रक्रिया परवा, ४ तारखेला, दुर्बिणीतून झाली. त्याच पायाच्या मांडीमागच्या हॅमस्ट्रिंग स्नायूंचे कंडरे काढून त्यांचा ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बसवायचा नवा दोर, केला आणि हाडात बोगदे पाडून तो बसवला. कुबड्या आणि ब्रेस, म्हणजे गुडघ्याला बांधायचा आधार, आहेत. सोसेल तितका भार पायावर द्यायला परवानगी आहे.

आजचा व्यायाम कागदावर अगदी किरकोळ दिसतो. पाय लांब करून बसायचे, गुडघ्याखाली छोटी गुंडाळी ठेवायची आणि मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायचा, पाच सेकंद धरायचे, सोडायचे. मी आवळायला गेले आणि काहीच झाले नाही. डाव्या मांडीला आज्ञा केली की वाटी लगेच वर सरकते आणि स्नायू दगडासारखा होतो. उजवीकडे तीच आज्ञा जणू वाटेतच हरवते. मी तळहात मांडीवर ठेवून एकटक पाहत राहिले. विसाव्या प्रयत्नाला वाटीच्या वर आतल्या बाजूला त्वचेखाली एक बारीक थरथर उठली आणि विझली.

मॅडमनी याचे कारण नीट समजावले. स्नायू दोन दिवसांत वाळत नाही. सांध्यात द्रव साचला की सांध्यातल्या संवेदना मज्जारज्जूपर्यंत जाऊन त्या स्नायूकडे जाणारा संदेशच रोखतात. निरोगी गुडघ्यात केवळ २० ते ३० मिलिलिटर मिठाचे पाणी सोडले, तरी मांडीच्या आतल्या बाजूचा क्वाड्रिसेप्सचा भाग मंदावतो, हे प्रयोगांत दिसले आहे. माझ्या गुडघ्यात त्याहून नक्कीच जास्त आहे. म्हणून बर्फ, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवणे आणि घोटे वरखाली हलवणे, हे सगळे सूज उतरवण्यासाठी आणि त्यातून स्नायू जागा करण्यासाठी आहे. उद्यापासून विद्युत उत्तेजनाचे पॅड मांडीवर लावायचे आहेत. यंत्र स्नायू आकुंचित करत असताना मीही तोच स्नायू आवळायचा आहे. केवळ यंत्राकडे पाहत पडून राहिल्याने उपयोग होत नाही, असे त्यांनी दोनदा बजावले.

९ जानेवारी, दिवस ५

गुडघा सरळ होण्यात ६ अंशांची तूट आहे; वाकणे ६५ अंश. वाटीच्या मध्यावर घेर डावा ३७, उजवा ३९.५ सेंटिमीटर. पाय सरळ ठेवून उचलता येतो, पण उचलताना गुडघा किंचित ढिला पडून टाच खाली लोंबते. हे लोंबणे थांबेपर्यंत ब्रेसशिवाय चालायचे नाही.

रात्री मी गुडघ्याखाली उशी घेऊन झोपले होते, कारण त्या स्थितीत दुखत नाही. आज मॅडमनी ती उशी काढायला लावली. अर्धवट वाकलेला गुडघा त्या स्थितीत सांध्याला आराम देतो आणि नेमका म्हणूनच तो तसाच आखडत जातो. वाकणे महिनाभर उशिरा आले तरी मिळवता येते. सरळ होणे सुरुवातीच्या आठवड्यांत हातचे गेले, तर सांध्याच्या पुढच्या भागात व्रणाची गाठ तयार होऊ शकते आणि ती काढायला पुन्हा दुर्बीण घालावी लागू शकते. शिवाय पाच अंशांची तूटसुद्धा प्रत्येक पावलात लंगडेपण आणते आणि वाटीमागे दुखणे सुरू करते. आता उशी टाचेखाली आहे आणि गुडघा हवेत मोकळा. दहा मिनिटे, दिवसातून सहा वेळा. ही दहा मिनिटे या सबंध आठवड्यातली सर्वांत अवघड आहेत. आठव्या मिनिटाला मांडीमागची ओढ सैल पडते, हे एकदा अनुभवल्यावर पहिली सात मिनिटे काढता येतात.

१८ जानेवारी, आठवडा २

टाके काढले. सरळ होण्यातली तूट शून्य. वाकणे ९५ अंश. पाय उचलताना टाच आता लोंबत नाही, म्हणून ब्रेसचे कुलूप उघडले आणि एक कुबडी सुटली.

एके काळी या शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे वाकलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवत असत. ग्राफ्ट जपण्यासाठी केलेल्या या उपायाने गुडघे आखडत आणि मांड्या वाळत. अमेरिकेतले शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांच्या लक्षात आले की सांगितलेली बंधने न पाळणारे, लवकर चालू लागणारे त्यांचे रुग्ण बंधने पाळणाऱ्यांपेक्षा बरे निघत होते आणि त्यांचे ग्राफ्टही सैल पडत नव्हते. त्यावरून त्यांनी आणि फिजिओथेरपिस्ट पॉल नित्झ यांनी आखलेला वेगवान कार्यक्रम १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर सरळ करणे आणि लवकर भार देणे, ही मी आज गृहीत धरलेली पद्धत त्या निरीक्षणाची ऋणी आहे. पुढे काहींनी त्यातला फक्त ‘वेगवान’ हा शब्द उचलला आणि चार-सहा महिन्यांत मैदानावर परतण्याची घाई रूढ झाली. सुरुवात लवकर करणे आणि शेवट लवकर करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा पुरावा दुसरीला लागू पडत नाही.

पोटरीत एकाच जागी दुखणे, गरमपणा, वाढती सूज किंवा धाप लागणे यांपैकी काही आढळले, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचे, कारण शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ती खूण असू शकते. मला तसे काही नाही.

८ फेब्रुवारी, आठवडा ५

सकाळी खुर्चीत बसून वाकून मोजा चढवत होते. गुडघा सरळ, कंबर वाकलेली. मांडीच्या मागे, गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, कट्ट करून काहीतरी सुटले आणि कळ उठली. मोजा अर्ध्या टाचेवर तसाच राहिला. ग्राफ्ट तुटला असेच मला वाटले आणि मी दहा मिनिटे जागची हलले नाही.

मॅडमनी तपासले. ग्राफ्ट घट्ट आहे. ज्या जागेवरून हॅमस्ट्रिंगचे कंडरे काढले, तिथे भरून येणारी ऊती आणि तिला चिकटलेला स्नायू ओढ बसल्यावर असे सुटतात. हे बऱ्याच जणांना होते आणि काही दिवसांत शमते. मला हे आधी कोणी सांगितले असते तर ती दहा मिनिटे वाचली असती, म्हणून सविस्तर लिहिले आहे. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट घेतलेल्याने पहिल्या काही आठवड्यांत गुडघा सरळ ठेवून झटक्याने पुढे वाकू नये, आणि वजनाविरुद्ध टाच नितंबाकडे ओढण्याचा व्यायामही फिजिओथेरपिस्टने सांगितल्याशिवाय सुरू करू नये. तूर्त टाचा जमिनीत रोवून नितंब उचलण्यापुरतेच काम त्या स्नायूला दिले आहे.

वाकणे ११८ अंश झाल्याने स्थिर सायकलचे पॅडल पूर्ण फिरते. पंधरा मिनिटे, कमी जोराने.

२२ फेब्रुवारी, आठवडा ७

या आठवड्यातली चूक लिहून ठेवते. दुखणे जवळजवळ नाही, जिने सरळ चढता येतात, लोक विचारतात तेव्हा ‘पूर्ण बरी आहे’ असे तोंडून निघते. परवा ठरल्याप्रमाणे पायरी चढण्याचे तीन संच झाल्यावर मी आणखी चार केले, आणि मग सायकलही तीस मिनिटे चालवली. करताना काही दुखले नाही, रात्रीही दुखले नाही. सकाळी गुडघा भरलेला होता.

तपासणीची रीत अशी आहे. झोपून पाय सैल सोडायचा. गुडघ्याच्या आतल्या बाजूने तळहात दाबून द्रव वर मांडीकडे सारायचा, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवायचा आणि वाटीच्या आतल्या खळग्याकडे पाहायचे. खळगा रिकामा राहिला तर सूज नाही. हात फिरवल्यावर बारीक लाट परत आली तर किंचित आहे. हात फिरवण्याआधीच खळगा आपोआप भरला तर भार जास्त झाला. गेल्या आठवड्यात बारीक लाट होती. काल सकाळी मी हात उचलला आणि खळगा माझ्या डोळ्यांदेखत भरत गेला.

तेव्हापासून नियम पक्का केला आहे. कालचा व्यायाम योग्य होता की नाही, हे करताना काय वाटले त्यावरून ठरवायचे नाही; दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठण्यापूर्वीचा खळगा ते ठरवेल. सूज वाढलेली असेल तर त्या दिवशी फक्त सरळ करणे, आवळणे आणि बर्फ, आणि पुढच्या वेळी भार आधीच्या टप्प्यावर.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तीच मला अधिक गंभीर वाटली. बसवलेला कंडरा सुरुवातीला रक्तपुरवठ्यावाचून असतो. त्यातल्या पेशी मरतात, नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि जुने तंतू मोडून नवे रचले जातात. या मोडतोडीच्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षा कमकुवत असतो. म्हणजे ज्या आठवड्यांत मला सर्वांत बरे वाटते आहे, त्याच आठवड्यांत आतला दोर सर्वांत नाजूक आहे. सूज आणि दुखणे मला सांध्याची स्थिती सांगतात; ग्राफ्टची स्थिती सांगणारी संवेदना माझ्याजवळ नाही. तिथे फक्त ठरलेल्या मर्यादा पाळायच्या.

२९ मार्च, आठवडा १२

आज ताकद मोजली. उजवा ३३ किलो, म्हणजे पहिल्या पानावरच्या ५२ च्या ६३ टक्के. धावायला ७० हवेत. ‘तीन महिने झाले की धावायचे’ असे मी ऐकून होते आणि आज बूट बरोबर नेले होते. ते पिशवीतच राहिले.

वाईट वाटले, पण आरशासमोरच्या चाचणीनंतर पटले. २० सेंटिमीटरच्या पायरीवर उजव्या पायावर उभे राहून डावी टाच सावकाश जमिनीला टेकवायची होती. डाव्या पायावर गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला. उजव्यावर तिसऱ्याच वेळी गुडघा आत झुकला आणि कंबरेची डावी बाजू खाली गेली. गुडघा आत, धड बाहेर: पडले त्या दिवशीची हीच मुद्रा होती. चालताना ती दिसत नाही, म्हणून चालण्यावरून स्वतःला पारखणे पुरेसे नाही.

आजपासून कार्यक्रम खऱ्या अर्थाने ताकदीचा आहे. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर पायाने वजन ढकलणे, एका पायाने, सहा ते आठ वेळाच जमेल इतके वजन. उजव्या पायाचे संच डाव्यापेक्षा अधिक. बसून गुडघा सरळ करण्याचा, मांडीचा पुढचा स्नायू वेगळा काढून कामाला लावणारा व्यायाम ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात सुरू होता. आता टप्पा वाढवत नेणार आहोत. या व्यायामाने ग्राफ्ट ताणला जाईल म्हणून अनेक जण तो टाळतात. मात्र फक्त बैठका घातल्या, तर शरीर हुशारीने ते काम नितंब आणि पोटरीकडे सोपवते आणि ज्या स्नायूसाठी बैठका घालतो तोच मागे राहतो. माझ्या बैठकांच्या चित्रफितीत हे उघड दिसले: वजन डाव्या पायावर सरकलेले होते आणि मला त्याची जाणीवही नव्हती. योग्य टप्प्यात आणि देखरेखीखाली हा व्यायाम करण्याच्या बाजूने माझे मत आता पक्के आहे.

२६ एप्रिल, आठवडा १६

३७.५ किलो, ७२ टक्के. सूज शून्य. पायरीची चाचणी दहा वेळा सरळ रेषेत. एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे आठ फेरे झाले. दुसऱ्या सकाळी खळगा रिकामा. धावण्याच्या दिवसानंतरचा दिवस ताकदीचा नाही, मोकळा ठेवला आहे.

४ जुलै, महिना ६

दोन्ही पायांवर उडी आणि उतरणे मे महिन्यापासून सुरू होते. आता एका पायावर. प्रत्येक उतरणीला आवाजाकडे लक्ष द्यायचे आहे, कारण मऊ उतरणाऱ्या पायाचा गुडघा आणि कंबर वाकलेले असतात, आणि थाडकन आवाज करणारा पाय ताठ असतो. आज उजवा पाय डाव्यापेक्षा मोठ्याने वाजत होता.

मनाची तयारी मोजणारी १२ प्रश्नांची एसीएल-आरएसआय प्रश्नावलीही भरली. शंभरपैकी ५१. पुन्हा दुखापत होईल या भीतीचे प्रश्न मी प्रामाणिकपणे भरले. तिथेच गुण गेले. ही भीती लपवून ठेवण्यासारखी नाही. ती सरावात कशी उतरते हे मला दिसते: दिशा बदलताना मी एक पाऊल जास्त टाकते, आणि उडीनंतर उजवा पाय उशिरा टेकवते. दिशा बदलण्याचे सराव आता आधी ठरवून, मग मॅडम ऐन वेळी हात दाखवतील त्या बाजूला, असे वाढवत न्यायचे आहेत.

४ ऑक्टोबर, महिना ९

चाचण्यांचा दिवस. एका पायावर चारही उड्या घेतल्या: एक लांब उडी, सलग तीन, रेषेच्या दोन्ही बाजूंना आलटून पालटून तीन, आणि सहा मीटर अंतर वेळ लावून. उजवा पाय डाव्याच्या ९३ ते ९७ टक्के. प्रश्नावलीत ७४. ताकद उजवा ४४, डावा ४९. म्हणजे ९० टक्के. कागदावर सगळे रकाने हिरवे झाले.

मी वहीचे पहिले पान उघडले. चौकटीत ५२ लिहिलेले होते. नऊ महिन्यांत मी पूर्वीइतकी खेळले नाही, म्हणून डावा पायही उतरला आहे, आणि उतरलेल्या पायाशी तुलना करून मी ९० काढले होते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या डाव्या पायाशी तुलना केली, तर ४४ म्हणजे ८५ टक्के होतात. उड्यांचे आकडे चांगले आले, याचेही कारण आहे: लांब उडीत घोटा आणि कंबर बरेचसे काम उचलतात, म्हणून गुडघ्याची उणीव अंतरात दिसत नाही.

डेलावेअर-ओस्लो अभ्यासगटाच्या १०६ रुग्णांवरचा २०१६ चा निष्कर्ष मॅडमनी मला सुरुवातीलाच वाचायला दिला होता. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत परतणे जितके लांबवले, तितके प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटलेले दिसले. ताकद आणि उड्या अशा चाचण्यांचे निकष पार न करता उड्या आणि दिशाबदल असलेल्या खेळांकडे परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के जणांना दोन वर्षांत पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली. निकष पार करून परतलेल्यांत हे प्रमाण ५.६ टक्के होते. नऊ महिने हा उंबरठा आहे, परवाना नव्हे, असे मी त्या वेळी समासात लिहिले होते. संघाला कळवले की मी या महिन्यात येत नाही. दोन महिने फक्त ताकद, दोन्ही पायांची.

६ डिसेंबर, महिना ११

उजवा ४७.५, डावा ५१. पहिल्या पानाच्या ५२ शी उजव्याचे प्रमाण ९१ टक्के. उंचावरून उडी मारून उतरण्याची चित्रफीत हळू गतीने तीनदा पाहिली. दोन्ही गुडघे पावलांच्या रेषेत राहिले आणि दोन्ही पाय एकाच वेळी टेकले. प्रश्नावलीत ८३. पुढच्या आठवड्यापासून संघाच्या सरावात, आधी अर्धा वेळ, धक्काबुक्कीचा भाग वगळून. उतरणे आणि दिशा बदलणे यांचा पंधरा मिनिटांचा सराव प्रत्येक वेळी आधी करायचा, आणि ताकदीचे दोन दिवस खेळ सुरू असेपर्यंत सोडायचे नाहीत.

१४ डिसेंबर

काल संध्याकाळी सरावात ४० मिनिटे खेळले. एका उडीनंतर उजव्या पायावर उतरले, तेव्हा बाजूला एक खेळाडू होती. मी जास्तीचे पाऊल टाकले नाही आणि ते मला नंतर चित्रफीत पाहताना कळले.

आज सकाळी उठण्याआधी तपासले. घेर दोन्हीकडे ३७ सेंटिमीटर. द्रव वर सारला, बाहेरून हात फिरवला, थांबून पाहिले, पुन्हा एकदा केले. खळगा रिकामा आहे. उद्याचा सराव ४५ मिनिटांचा.